मधली बडबड कापली आहे

हॉइट प्रूइटच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. बसायला खुर्ची एकच, भिंती मात्र चारही कॅसेटींच्या. डावीकडे जॅझ, समोर ब्लूज, उजवीकडे दाढीवाल्या गोऱ्या पोरांचं दक्षिणी रॉक, तीन-तीन गिटारी एकदम अंगावर येणारं. दाराच्या भिंतीवर उरलंसुरलं. यातली एकही कॅसेट विकतची नव्हती. प्रत्येक कार्यक्रमाला स्वतः जाऊन, पुढे बसून, स्वतःच्या हाताने टिपलेली. स्टुडिओत बसून केलेल्या रेकॉर्डला तो शिवत नसे.

"तो डब्यातला पीच," तो म्हणायचा. "साखरेच्या पाण्यातला. मला झाडावरचा पाहिजे. अळी निघाली तरी चालेल."

जॉर्जियात लहानाचा मोठा झालेला माणूस पीचबद्दल खोटं बोलत नाही. त्याचं हे वेड खरंच होतं. डावा कान कागदाच्या गिरणीतल्या नोकरीने खाल्ला होता, उजवा त्याने या खोलीसाठी जपला होता. दुपारचं जेवण झालं की तो दार लावून घ्यायचा, एखादी कॅसेट लावायचा आणि डोळे मिटायचा. कुठेतरी बाटली कलंडायची. खुर्ची सरकायची. ढोलवाला काठीवर काठी आपटून चार मोजायचा. गिटारीची एक तार उतरलेली असायची आणि वाजवता वाजवताच तो पठ्ठ्या ती ओढून सुरात आणायचा. त्या क्षणी हॉइटच्या अंगावर काटा यायचा, दर वेळी, पंचेचाळीस वर्षं. त्र्याहत्तरीचा म्हातारा पुन्हा सत्तावीसचा व्हायचा. बायको नेडीन म्हणायची, "तुला मेलेली माणसं जेवढी आवडतात तेवढी जिवंत आवडली असती तर आपल्याकडे कुणी पाहुणे आले असते."

आता या टिपणाऱ्या लोकांची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं पाप त्या रितीत आहे. कॅसेट नव्वद मिनिटांची, एका बाजूला पंचेचाळीस. वाजवणारा रंगात आला की एकेक गाणं दहा-बारा मिनिटं चालायचं. त्यात मध्येच तो घाम पुसत बोलत बसला, विनोद सांगत बसला, की तेवढी टेप गेली, आणि शेवटचं गाणं ऐन भरात खटकन तुटलं. तुटकं गाणं म्हणजे या मंडळींत नाक कापल्यासारखं. दुसरा टिपणारा त्याच्या बदल्यात आपली चांगली कॅसेट द्यायचा नाही. म्हणून शेवटचा सूर विरला, टाळ्या सुरू झाल्या, की अंगठा पॉजच्या बटणावर. पुढच्या गाण्याचा पहिला ठोका पडायच्या आत पुन्हा सुरू. हॉइटचा अंगठा यात नावाजलेला होता. टाळ्यासुद्धा तो मोजून दोन श्वास ठेवायचा. आणि कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहायचा: मधली बडबड कापली आहे. लोक हे वाचून खूश व्हायचे. माणूस नको होता कुणाला, गिटार पाहिजे होती.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी दाराची घंटी वाजली. बाहेर पासष्टीची एक काळी बाई उभी होती, हातात पर्स घट्ट धरून.

"मासे धरायच्या काठीला मायक्रोफोन बांधून बसणारे ते गोरे तुम्हीच ना?"

"तुम्ही कोण?"

"लूवीनिया गॅस्किन. थर्मन माझा भाऊ."

हॉइट दारातच खांबाला टेकला. थर्मन गॅस्किन! ओकमल्गी नदीच्या काठी पत्र्याची एक शेड होती, तिथे दर रविवारी चार वाजता कॅटफिश तळायचे आणि थर्मन वाजवायचा. शेडीत सगळे काळे, गोरा हॉइट एकटा. साडेतीन वर्षांत त्याने एकतीस कॅसेटी भरल्या होत्या. ऐंशी साली अलाबामाच्या वाटेवर ब्रेक नसलेली व्हॅन उलटून थर्मन गेला, एकोणतिसाव्या वर्षी. त्याची रेकॉर्ड कुणी काढली नव्हती. जगात थर्मन म्हणून जो काही उरला होता तो हॉइटच्या समोरच्या भिंतीवर, तिसऱ्या फळीवर. गेल्या वर्षी नातवाला कामाला लावून त्याने त्या सगळ्या इंटरनेटवर चढवल्या होत्या. नॉर्वेपासून जपानपर्यंत लोक वेडे झाले होते.

"या ना, आत या," तो म्हणाला. "कॉफी घेता? तुमचा भाऊ म्हणजे, मिस लूवीनिया, तुमचा भाऊ म्हणजे..."

"माहीत आहे कोण होता. एका ताटात जेवलोय आम्ही." मागच्या खोलीतल्या त्या एकुलत्या खुर्चीच्या कडेवर ती बसली. "माझ्या पुतणीने फोनवर लावून दाखवलं मामाला, म्हणजे आमच्या आईला. मामा एक्क्याण्णव वर्षांची आहे. अंथरुणात आहे. किडन्या गेल्यात, आता डायलिसिस नको म्हणाली. म्हणजे किती दिवस ते तुम्ही समजा. तिने सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. आणि मला विचारलं, हा बोलत का नाही?"

हॉइटने कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला.

"चर्चच्या गाण्यात पुढे उभा राहायचा थर्मन. ते सोडून तुमच्या त्या शेडीत जायला लागला, तेव्हा मामाने त्याला घराबाहेर काढला. सैतानाची गाणी गाणारा माझा नाही म्हणाली. साडेतीन वर्षं एक शब्द नाही. मग शवपेटीच आली घरी. आणि प्रेताला आलेली माणसं तिला काय सांगत होती? की मदर गॅस्किन, तो दर रविवारी दोन गाण्यांच्या मधे तुमच्याशी बोलायचा. तुमचं नाव घेऊन."

"बोलायचा," हॉइट म्हणाला. "हो. बोलायचा खरा."

"काय बोलायचा?"

हॉइटने स्वतःचा कप खाली ठेवला.

"एक म्हणायचा, तुमची टर उडवायचा, सगळी शेड हसायची. दुसरा म्हणायचा, छे, माफी मागायचा, डोळ्यांत पाणी असायचं. ते सगळे आता मातीत गेले. मीही नव्हते हो तिथे, मी त्या वेळी मामाच्या शेजारी चर्चमधे, कडक कॉलर घालून. पंचेचाळीस वर्षं ही बाई एवढंच विचारतेय. माझं पोर मला हसत होतं की माझी माफी मागत होतं? तुम्ही पुढे बसायचात. तुमच्याकडे टेप आहे. मला गाणी नकोत, मिस्टर प्रूइट. मला बोलणं पाहिजे."

तिच्या मागे, फळीवर, एकतीस पाठी एका ओळीत होत्या आणि प्रत्येकीवर निळ्या शाईत तेच चार शब्दांचं कौतुक. मधली बडबड कापली आहे. हॉइटने ते पहिल्यांदा वाचलं. लिहिलं त्यानेच होतं, पण वाचलं आत्ता.

"बघतो," तो म्हणाला. "शोधतो. मला थोडे दिवस द्या."

"दिवस माझ्याकडे नाहीत," ती म्हणाली आणि उठली. कॉफीला तिने हात लावला नव्हता.

त्याला आठवत का नव्हतं? हा प्रश्न त्याने स्वतःला रात्रंदिवस विचारला. माणूस पाच हातांवर बोलत होता. पण थर्मन तोंड उघडायचा तेव्हा हॉइट खाली बघत असायचा. आकड्यांकडे. किती टेप गेली, किती राहिली, बॅटरी टिकेल ना. कान गाण्यासाठी होते, बोलणं म्हणजे हिशेब करायची सुट्टी. त्याला त्या शेडीतल्या तळणाचा वास आठवत होता, थर्मनच्या बुटाची सुटलेली लेस आठवत होती. शब्द एक नाही.

तीन दिवस त्याने कॅसेटी पालथ्या घातल्या. गाणी पुढे पळवायची, शेवट आला की थांबायचं, टाळ्या ऐकायच्या, श्वास धरायचा. बटण दाबायला कधी पाव सेकंद उशीर झाला असेल, तेवढ्यात काही सापडेल. सापडायचंही. "मामा म्हणा—" खट्. "रविवारी मामा—" खट्. "तर आज—" खट्. एकदा नुसता हशा, पन्नास माणसांचा, पोट धरून केलेला, आणि खट्. कशाला हसले? त्याने ते वीस वेळा ऐकलं. हशाच्या आधी एक स्वर होता, फक्त स्वर, शब्द नाही. पूर्वी याच सफाईचा त्याला अभिमान होता. आता तो अंगठा कापून टाकावा असं वाटत होतं.

बावीस कॅसेटी झाल्या. सगळे तुकडे जोडून चौदा सेकंदं भरली. नेडीन दारात येऊन उभी राहिली.

"जेवून घे."

"नको."

"काही मिळालं?"

"मामा मिळालं. नऊ वेळा. पुढचं नाही मिळालं."

तेविसावी कॅसेट जुलै अठ्ठ्याहत्तरची. ही नामांकित. तिच्या दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटांचं एक संथ गाणं होतं, ज्याची पहिली तार थर्मनने अशी ओढली होती की ऐकणाऱ्याला थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं. नेटवर हेच सगळ्यांत जास्त ऐकलं जायचं. ओस्लोच्या कुणी लिहिलं होतं, या माणसाच्या पोटात काय आग होती! हॉइटने नेटवर चढवलेली ती नक्कल होती, सुरुवातीची घाण काढून साफ केलेली. मूळ कॅसेट त्याने कित्येक वर्षांत लावली नव्हती.

त्याने लावली. आधीचं गाणं संपलं. टाळ्या. एक श्वास, दोन श्वास. तिसरा. चौथा. खट् झालं नाही.

तेव्हा त्याला आठवलं. त्या आठवड्यात गिरणीत त्याचा अंगठा चेचला होता. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने बटण बसेना. आकडे पळत होते.

थर्मनचा आवाज आला. भरदार, गाण्यातल्यापेक्षा खालचा, अगदी साधा.

"आज रविवार. माझी मामा आत्ता तिकडे टेकडीवर देवाकडे माझी तक्रार करत असेल." हशा. "हसू नका रे, मोठी वकील आहे ती. देव हरतो तिच्यापुढे." पुन्हा हशा. मग जरा थांबून, "मामा, तू काही ऐकत नाहीस, मला माहीत आहे. पण एक गोष्ट. त्या दिवशी तू आतून कडी लावलीस ना, तेव्हा मी बाहेर—"

"अरे वाजव ना बाबा! टेप संपत आलीय इथे!"

हा आवाज मायक्रोफोनच्या अगदी जवळचा होता. गोरा, तरुण, वैतागलेला. हॉइटने तो ओळखला नाही. मग ओळखला.

शेड हसली. कुणीतरी टेबलावर हात आपटला. थर्मनने गिटार मांडीवर सरकवल्याचा आवाज आला.

"हो साहेब," तो म्हणाला. "टेप संपता कामा नये."

आणि ती तार. ती थोबाडीत. अकरा मिनिटं. ओस्लोवाल्या शहाण्या, ही घे तुझी आग.

गाणं संपलं आणि हॉइट मशीन बंद करायला उठू शकला नाही, म्हणून टेप तशीच फिरत राहिली. खरखर. त्याला वाटलं आता संपेल. ती संपेना. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गाण्यानंतर मंडळी जेवायला उठली होती, त्याने मशीन थांबवलं होतं आणि पुढच्या वेळी नवी कॅसेट घातली होती. शेवटी खटका वाजला तेव्हा सात मिनिटं झाली होती.

नेडीनला त्याने सगळं ऐकवलं. ती पलंगावर बसून ऐकत राहिली, हातात पुसायचं फडकं.

"यंत्राने टेप खाल्ली म्हणून सांग," ती म्हणाली.

"काय?"

"खातातच यंत्रं कॅसेटी. जुनी होती, खाल्ली, वाईट वाटतं, संपलं. नाहीतर सांग की माफी मागायचा. तू पुढे बसायचास, कोण तुला खोटं ठरवणार आहे? म्हातारी सुखाने मरेल."

"आणि माफी मागत नसेल तर?"

"तर काय, वर जाऊन भांडतील दोघं!" ती चिडली. "हॉइट, तू हे घेऊन तिच्या घरी जाणार नाहीस."

तो दुसऱ्या दिवशी गेला. यात त्याचा मोठेपणा काही नव्हता, कुणी गैरसमज करून घेऊ नये. ती कॅसेट घरात ठेवून त्याच खोलीत बसायची त्याला भीती वाटली, एवढंच.

लूवीनियाच्या पुढच्या खोलीत पलंग खिडकीशी लावला होता. म्हातारी उशांना टेकून होती. हातात चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा, त्यावर अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. पाय सुजलेले. डोळे मात्र लख्ख.

"मामा, हे मिस्टर प्रूइट."

"मासेवाल्या शेडीतला गोरा," म्हातारी म्हणाली. "बस. बारीक आहेस. मला वाटलं होतं लठ्ठ असशील."

"नमस्कार, मिसेस गॅस्किन. मला आधी सांगायचंय की—"

"मला काही सांगू नकोस. आणि तो कसा वाजवायचा तेही नको. माझ्या पोटात होता तेव्हापासून तो ताल धरायचा. बोलतो कसा ते लाव."

त्याने मशीन पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, औषधाच्या बाटल्या बाजूला सारून. बटण दाबलं. टाळ्या. मग तो आवाज.

पंखा थांबला.

देव हरतो तिच्यापुढे, इथे म्हातारीच्या घशातून काहीतरी निघालं. लूवीनियाने तिच्याकडे पाहिलं. ती हसली होती. "मेल्या," ती म्हणाली, पोराला. "वकील म्हणतो मला."

मग मामा, तू काही ऐकत नाहीस. तिने मान पुढे काढली. तेव्हा मी बाहेर. मग ती ओरड. हशा. हो साहेब. गिटारीची तार वाजली तशी ती म्हणाली, "बंद कर ते."

त्याने बंद केलं.

"परत लाव."

त्याने सहा वेळा लावलं. दर वेळी कडी लागली, दर वेळी पोरगा बाहेर उभा राहिला. सहाव्यांदा म्हातारीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तेव्हा मी बाहेर. तिथे ती थांबली, आणि तोंड उघडंच राहिलं.

"बाहेर काय?" ती म्हणाली. "लूवी, काय म्हणत असेल? रडत बसला म्हणत असेल? की थुंकून निघून गेला?"

"मला नाही माहीत, मामा."

"मी दाराला कान लावला होता. आतून. पाऊण तास उभी होते. काही आवाज आला नाही बाहेरून." मग ती हॉइटकडे वळली. "तो मधे ओरडतो तो कोण?"

लूवीनियाला आवाज पहिल्याच वेळी कळला होता. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मी," हॉइट म्हणाला.

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग संपली का?" तिने विचारलं.

"काय?"

"टेप. संपत आली होती म्हणालास ना. संपली?"

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती आणि सोपी होती. हो म्हटलं असतं तर निदान ओरडण्याला काही कारण उरलं असतं. त्याने नेडीनचा विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "गाणं झाल्यावर सात मिनिटं उरली. कोरी."

"सात."

"हो."

"लाव ती."

"त्यात काही नाही, मिसेस गॅस्किन."

"मी म्हटलं लाव."

त्याने टेप पुढे नेली. खरखर सुरू झाली. म्हातारीने पंखा मांडीवर ठेवला आणि ऐकायला लागली, डोळे उघडे ठेवून. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज. लूवीनिया एकदा म्हणाली, "मामा, पुरे," म्हातारीने नुसता हात वर केला. सात मिनिटं फार असतात. एवढ्यात माणूस दारापासून रस्त्यापर्यंत जाऊन परत येईल. माफी मागायला तर अर्धं मिनिट पुरतं.

खटका वाजला.

"कॅसेट ठेव," म्हातारी म्हणाली. "मशीन घेऊन जा."

"मशीनशिवाय ती—"

"ऐकायचं काय राहिलंय आता?" तिने कॅसेट हातात घेतली, उलटी केली आणि चष्म्याविना, हात लांब करून पाठीवरची निळी अक्षरं वाचू लागली. वाचायला तिला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर तिने ती उशीखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

लूवीनियाने हॉइटला दारापर्यंत सोडलं. मग दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि तो मशीन काखेत धरून बाहेर उभा राहिला.